"ताई, डोकं दुखतंय, काहीतरी द्या": घरापासून लांब पहिल्यांदाच राहणाऱ्यांसाठी पेनकिलर कशी घ्यायची ते

जून-जुलै आला की आमच्या मेडिकलवर नवीन चेहरे दिसायला लागतात. कोणी लातूरहून आलेलं, कोणी जळगावहून, कोणाची कॉलेजला ॲडमिशन झालेली तर कोणाची पहिली नोकरी, कॉट बेसिसवर जागा घेतलेली, आणि आजवर कसं होतं की ताप आला की आई कपाळाला हात लावायची, फ्रिजवरच्या डब्यातनं गोळी काढून हातावर ठेवायची, आता ते सगळं आपलं आपण करायचंय. मग संध्याकाळी सातच्या गर्दीत काउंटरला टेकून म्हणतात, ताई, डोकं दुखतंय, काहीतरी द्या. मी १४ वर्षं फार्मसिस्ट म्हणून काउंटरच्या आतल्या बाजूला उभी आहे आणि या "काहीतरी द्या"ची मला खरंच काळजी वाटते, कारण गर्दीत समोरचा काहीतरीच देतो, आणि घेणाऱ्याला आपण काय गिळलं हे संध्याकाळपर्यंत आठवत पण नाही.

पेनकिलर वाईट नाहीत, उगाच घाबरवायचं नाहीये मला, नीट घेतल्या तर फार कामाच्या गोष्टी आहेत त्या. पण नीट म्हणजे काय हे कोणी बसवून सांगत नाही, म्हणून एकेक करून सांगते.

पायरी १: स्ट्रिप उलटी करा

गोळीचं मोठ्या अक्षरातलं नाव हे कंपनीने ठेवलेलं नाव, त्यावरनं काहीच कळत नाही. त्याच्या खाली नाहीतर मागच्या चंदेरी बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की एका गोळीत कुठलं औषध किती मिलिग्रॅम आहे. ते वाचायचं. दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा, मी स्वतः पण आता तसंच करते. ओळखायचे शब्द मोजकेच आहेत. क्रोसिन, कॅल्पॉल, डोलो ही तीन वेगळी औषधं नाहीत, तिन्हीत पॅरासिटामॉलच आहे. ब्रुफेनमध्ये आयबुप्रोफेन. कॉम्बिफ्लाममध्ये ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि जोडीला ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. व्होवेरान म्हणजे डायक्लोफेनॅक. झेरोडॉल पी मध्ये ॲसेक्लोफेनॅक आणि पॅरासिटामॉल. सॅरिडॉनमध्ये पण पॅरासिटामॉल आहे, वर प्रॉपीफेनॅझोन आणि कॅफिन. पाळीच्या दुखण्यावर मुली सर्रास मागतात त्या मेफ्टाल स्पासमध्ये मेफेनॅमिक ॲसिड आणि पोटातला पेटका सोडवणारं डायसायक्लोमिन.

आता डोक्यात फक्त दोन घरं करा. एका घरात एकटं पॅरासिटामॉल. दुसऱ्या घरात बाकीचे सगळे भाऊबंद, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसेक्लोफेनॅक, नॅप्रॉक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, ॲस्पिरिन, निमेसुलाइड. डॉक्टर लोक यांना एनसेड म्हणतात. नियम असा की एका वेळी एकाच घरातली दोन औषधं पोटात जाता कामा नयेत. पॅरासिटामॉलवर पॅरासिटामॉल नको आणि एनसेडवर दुसरं एनसेड नको. एवढं एक जरी पाळलं तरी मी काउंटरवर रोज बघते त्यातल्या निम्म्या चुका होणार नाहीत.

आणि एक गोष्ट, जी आमच्याच बाजूची आहे पण सांगायलाच हवी. तुम्ही म्हणता दोनच गोळ्या द्या, आणि मग कात्रीने स्ट्रिप कापून दोन गोळ्या हातात येतात. त्या तुकड्यावर बऱ्याचदा ना औषधाचं पूर्ण नाव असतं ना एक्सपायरी, ती उरलेल्या तुकड्यावर दुकानातच राहते. मग असे आठ-दहा बेवारस तुकडे घरातल्या डब्यात साठतात, एक पांढरी गोळी, एक गुलाबी, एक लांबट, आणि रात्री दीडला दाढ ठणकायला लागली की त्यातली कुठली तरी तोंडात. तर कापून घेणार असाल तर आधी पूर्ण स्ट्रिपचा दोन्ही बाजूंनी फोटो काढून घ्या, लाजू नका, कोणी नाही म्हणत नाही. परवडत असेल तर पूर्ण स्ट्रिपच घ्या, पॅरासिटामॉलची अख्खी पट्टी काही फार महाग नसते. ज्या तुकड्याचं नाव वाचता येत नाही तो टाकून द्यायचा.

स्ट्रिपच्या डाव्या कडेला उभी लाल रेघ आणि आरएक्सची खूण असेल तर ती गोळी डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची असते. डायक्लोफेनॅक, निमेसुलाइड त्यातलेच. प्रत्यक्षात चिठ्ठीशिवाय मिळतात हे मलाही माहितीये आणि तुम्हालाही, पण मिळते म्हणून ती साधी गोळी झाली असं नाही.

पायरी २: कशाला काय ते ठरवा

ताप, साधी डोकेदुखी, सर्दीतली अंगदुखी याला आधी पॅरासिटामॉल. तब्येत धडधाकट असलेल्या मोठ्या माणसाला ५०० किंवा ६५० ची एक गोळी, दोन डोसांमध्ये निदान ४ तास जाऊ द्यायचे, ६ तास गेले तर उत्तम. रिकाम्या पोटी घेतली तरी पॅरासिटामॉल पोटाला सहसा त्रास देत नाही, त्यामुळे ताप चढलेला असताना जबरदस्तीने पोळी कोंबायची गरज नाही.

पाय मुरगळून सुजलाय, दाढ ठणकतीये, पाळीत पोटात कळा येतायत, म्हणजे जिथे सूज किंवा पेटके आहेत तिथे आयबुप्रोफेन जास्त लागू पडतं, ज्याला ते चालतं त्याला. २०० किंवा ४००, काहीतरी खाऊनच, वर पेलाभर पाणी, ६ ते ८ तासांचं अंतर, आणि स्वतःच्या मनाने घेत असाल तर दिवसात १२०० मिलिग्रॅमच्या वर नाही. म्हणजे ४०० च्या तीन, संपलं. पाळीच्या वेळी दुखणं सुरू झालं की लगेच घेतली तर कमी गोळ्यांत भागतं, असह्य होईपर्यंत दात-ओठ खात बसायचं आणि मग दोन-दोन गिळायच्या असं करू नका पोरींनो. मेफेनॅमिक ॲसिडबद्दल २०२३ च्या नोव्हेंबरच्या शेवटी इंडियन फार्माकोपिया कमिशनने, म्हणजे औषधांची मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने, सावधगिरीची सूचना काढली होती, काही जणांना त्याची गंभीर ॲलर्जी येते, अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणं, आणि हे सगळं गोळी घेतल्यावर दोन ते आठ आठवड्यांनी, त्यामुळे गोळीशी कोणी संबंधच जोडत नाही. क्वचित होतं, पण असं पुरळ आलं तर डॉक्टरला "मी ही गोळी घेतली होती" हे आठवणीने सांगा.

गुडघा, मान, मनगट असं एकाच जागी दुखत असेल तर गोळीच्या आधी डायक्लोफेनॅकचं जेल लावून बघा, रक्तात खूप कमी जातं. फुटलेल्या कातडीवर लावायचं नाही, लावून वर गरम पाण्याची पिशवी ठेवायची नाही, आणि हात धुवायचे. डोळ्याला हात गेला की काय होतं ते एकदा ज्याने भोगलंय तो विसरत नाही.

पायरी ३: दिवसाची बेरीज करा

या पायरीवर मी जास्त वेळ घेणारे, कारण इथेच शिकली-सवरलेली माणसं चुकतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. एक मुलगा आला, आयटीतला, नाक गळतंय, अंग तापलंय, डोळे लाल. म्हणाला डोलो आहे रूमवर, ६५० ची, दिवसातनं चार वेळा घेतोय पण सर्दी जात नाही, सर्दीची एक स्ट्रिप द्या. मी विचारलं सर्दीची घेतली का कुठली आधी, तर म्हणाला हो ना, रूममेटने दिलीये, तीन वेळा घेतोय. खिशातनं तुकडा काढला. मी उलटा करून दाखवला. सर्दीच्या त्या गोळीत ५०० पॅरासिटामॉल. आता तुम्हीच करा हिशोब, ६५० चोक २६००, ५०० त्रिक १५००, झाले ४१००. मोठ्या निरोगी माणसाची २४ तासांची कमाल मर्यादा ४००० मिलिग्रॅम आहे, म्हणजे पोरगा दोन दिवस मर्यादेच्या वर होता आणि त्याच्या मते तो "फक्त एक डोलो आणि एक सर्दीची" घेत होता. वजन बघितलं तर असेल ४८-४९ किलो. ५० किलोच्या आतल्या माणसाला, रोज दारू घेणाऱ्याला, लिव्हरचा आजार असलेल्याला, बरेच दिवस नीट न जेवलेल्याला ही मर्यादा अजून खाली येते. मी काउंटरवर ४००० सांगतच नाही, ३००० च्या आत राहा म्हणते, आणि किडकिडीत असाल किंवा लिव्हरचं काही असेल तर डॉक्टरला विचारून त्याहूनही कमी.

सिनारेस्ट, डी-कोल्ड टोटल, विक्स ॲक्शन ५००, सर्दीच्या बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच. कॉम्बिफ्लाममध्ये आहे, झेरोडॉल पी मध्ये आहे, सॅरिडॉनमध्ये आहे. म्हणून सर्दीची गोळी चालू असेल तर वेगळी क्रोसिन-डोलो बंद, सर्दीच्या गोळीतच ताप उतरवणारं औषध आलेलं आहे.

जास्त झालं तर काय होतं ते पण ऐका. लिव्हर पॅरासिटामॉल पचवताना त्यातला थोडा भाग विषारी होतो, त्याला निकामी करायला लिव्हरकडे ग्लुटाथायोन नावाचा साठा असतो. साठा पुरतो तोवर काहीच कळत नाही, संपला की ते विष लिव्हरच्याच पेशी जाळायला लागतं. माणूस उपाशी असेल, पिणारा असेल तर साठा आधीच कमी. म्हणूनच "आजवर मला कधी काही झालं नाही" याच्यावर विसंबू नका.

मी सगळ्यांना एक सांगते, आजारी पडलात की मोबाइलवर नाहीतर स्ट्रिपच्या पाकिटावर पेनने वेळ लिहा. सकाळी ८, ६५०. दुपारी २, ६५०. तापात डोकं चालत नाही, मघाशी घेतली का नाही हे खरंच आठवत नाही.

पायरी ४: एनसेड घेताना पोट आणि किडनी

ही औषधं शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं तयार होणं अडवतात, ॲस्पिरिन असं काम करतं हे जॉन व्हेन या शास्त्रज्ञाने १९७१ मध्ये दाखवलं आणि १९८२ मध्ये त्यांना आणखी दोघांबरोबर त्याचं नोबेल मिळालं, आम्हाला कॉलेजात हे घोकून घेतलं होतं. प्रोस्टाग्लँडिनमुळे दुखतं, सूज येते, हे खरं. पण तेच प्रोस्टाग्लँडिन पोटाच्या आतलं अस्तर ॲसिडपासून सांभाळतं आणि किडनीचा रक्तपुरवठा पण चालू ठेवतं. म्हणजे गोळी गुडघ्यासाठी घेतली तरी ती पोटाला आणि किडनीला पण पोचतेच, तिला आपण जागा नेमून देऊ शकत नाही.

पोटाचं बहुतेकांना माहीत असतं, म्हणून सोबत पँटॉप नाहीतर पॅन डी, या ॲसिडिटीच्या गोळ्या, मागतात. ॲसिडच्या गोळीने अल्सरचा धोका कमी होतो हे बरोबर आहे, ज्यांना डॉक्टरांनी एनसेड बरेच दिवस सांगितलंय त्यांना ती देतातही. पण ती किडनी वाचवत नाही आणि हार्ट पण वाचवत नाही. "पॅन डी घेतली की झालं" हे नाही.

किडनीचं माझ्या घरात घडलंय. बाबांना बीपीची गोळी होती, टेल्मिसार्टन आणि त्यातच लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड, अगदी साधी, लाखो लोक घेतात तशी. गावाकडे एप्रिल-मेमध्ये घराचं काम काढलं, गुडघे धरले, तर तिथल्या एका दुकानातनं "गुडघ्याची गोळी" आणून सुरू केली, दिवसातनं दोन, तीन आठवडे. ऊन मी म्हणत होतं, पाणी कमी, घाम जास्त. मला फोनवर म्हणायचे आता मस्त वाटतंय, जिने चढतोय. कुठली गोळी घेताय हे मी विचारलं नाही, मुलगी फार्मसिस्ट असून नाही विचारलं. मग पायावर सूज आली, बोटाने दाबलं की खड्डा राहायचा, लघवी कमी झाली. क्रिएटिनिन, म्हणजे किडनी कशी चाललीये ते सांगणारी रक्ताची तपासणी, केली तर २.९, आधीचं १.१ होतं, आकडा जितका वाढतो तितकी किडनी कमी काम करते. स्ट्रिप मागवून उलटी केली, ॲसेक्लोफेनॅक. डॉक्टरांनी ती बंद केली, सलाइन, बीपीची गोळी बदलली, दोन महिन्यांनी १.४ वर येऊन थांबलं, पण १.१ काही परत आलं नाही. बीपीची टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी गोळी, लघवीची गोळी आणि वर एनसेड, हे तीन एकत्र आणि अंगात पाणी कमी, यात किडनी बसते हे पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते परीक्षेत लिहून मार्क मिळवलेत.

म्हणून घरी आई-वडिलांना फोन कराल तेव्हा नुसतं जेवलात का विचारू नका, गुडघ्यासाठी काही घेताय का, असेल तर स्ट्रिपचा फोटो पाठवा म्हणा. आणि बाजारातल्या "सांधेदुखीची आयुर्वेदिक पुडी" म्हणून मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांना हात लावू देऊ नका, अशा पुड्यांमध्ये स्टिरॉइड नाहीतर डायक्लोफेनॅक मिसळलेलं तपासणीत सापडलेलं आहे. दोन दिवसांत जादू झाली की शंका यायला हवी. आषाढी वारीत चालणाऱ्या मंडळींना पण हेच, आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटरच्या आसपास चालायचं आणि रोज संध्याकाळी पाय दुखतात म्हणून पेनकिलर, तर आधी पाणी, तेलाने चोळणं, आराम, मग पॅरासिटामॉल.

डायक्लोफेनॅक किडनीला काय करू शकतं याचं सगळ्यात मोठं उदाहरण आपल्या डोक्यावरच होतं. आमच्या गावाबाहेर मेलेल्या जनावरांवर गिधाडांचे थवे उतरायचे, मी लहानपणी बघितलेत. जनावरांना डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं द्यायचे, ते जनावर मेलं की गिधाडं ते खायची आणि त्यांच्या किडन्या बंद पडायच्या. २००६ मध्ये सरकारने जनावरांसाठी ते बंद केलं, तोवर बहुतेक गिधाडं गेलेली होती. माणसाची किडनी गिधाडाइतकी नाजूक नाही, पण ज्याची किडनी आधीच दमलेली आहे त्याने हे लक्षात ठेवावं.

पायरी ५: तुम्हाला चालते का ते बघा

एनसेडच्या घरातलं काहीही स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही, असे लोक: किडनीचा आजार असलेले, कधी अल्सर किंवा पोटात रक्तस्राव झालेले, हार्ट अटॅक येऊन गेलेले किंवा हार्ट फेल्युअर असलेले, रक्त पातळ करायच्या गोळ्या घेणारे. दम्याच्या काही लोकांना ॲस्पिरिन-आयबुप्रोफेनने दम्याचा जोराचा झटका येतो, त्यामुळे दमा असेल तर आधी डॉक्टरला विचारा. हार्टसाठी रोज ७५ ची ॲस्पिरिन चालू असलेल्याने वर आयबुप्रोफेन घेतलं तर त्या ॲस्पिरिनचं काम अडू शकतं, हे फार कमी जणांना माहीत असतं. गरोदर बाईने २० आठवड्यांनंतर एनसेड डॉक्टरने सांगितल्याशिवाय अजिबात नाही, बाळाच्या किडनीवर आणि हृदयाजवळच्या रक्तवाहिनीवर परिणाम होतो, आणि त्याआधी सुद्धा विचारूनच. दारू प्यायल्यावर पेनकिलर नको, पार्टीनंतरच्या डोकेदुखीला आधी पाणी प्या आणि झोपा.

आणि पावसाळ्यातला ताप. जुलै ते ऑक्टोबर डेंग्यूचे दिवस, मुंबई-कोकणात पाणी तुंबलं की लेप्टो, म्हणजे साचलेल्या घाण पाण्यातून होणारा लेप्टोस्पायरोसिसचा ताप. पहिले दोन-तीन दिवस हा साधा व्हायरल आहे का डेंग्यू हे तुम्हाला कळणार नाही, मलाही कळत नाही. डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात, त्यात ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि लेप्टो तर किडनीवरच जातो. म्हणून पावसाळ्यात ताप म्हटलं की फक्त पॅरासिटामॉल, अंग कितीही मोडून येत असलं तरी कॉम्बिफ्लाम नाही, कोणी "अंगदुखीचं इंजेक्शन मारून घे" म्हणालं तरी नाही. डेंग्यूत ताप उतरल्यावरच खरे धोक्याचे दिवस सुरू होतात, तेव्हा पोटात जोरात दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, सुस्ती यातलं काही दिसलं तर रूमवर थांबू नका.

पायरी ६: घरात लहान मूल असेल तर

हे नवीन आई-बाबांसाठी. पॅरासिटामॉलचं पातळ औषध साधारण तीन ताकदीचं मिळतं: ५ मिलीत १२० मिलिग्रॅम, ५ मिलीत २५०, आणि तान्ह्यांचे ड्रॉप्स १ मिलीत १००. डोस वयावर नाही, वजनावर, किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, ४ ते ६ तासांनी, दिवसात चारच्या वर नाही. १० किलोच्या बाळाला १५ ने १५० मिलिग्रॅम होतात, म्हणजे १२० च्या बाटलीतून सव्वासहा मिली, २५० च्या बाटलीतून फक्त ३ मिली, आणि ड्रॉप्स दीड मिली. आता समजा मागच्या वेळी चमचाभर दिलं होतं म्हणून कोणी ड्रॉप्सचे ५ मिली पाजले तर एका घोटात ५०० मिलिग्रॅम. आजीने दिलं, बाबांनी दिलं, असं दोनदा पण होतं. मोजायला बाटलीबरोबरचं मापच घ्या, घरातला चमचा नको.

मुलांना ॲस्पिरिन नाही. निमेसुलाइडवर १२ वर्षांखालच्या मुलांसाठी आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे. मेफेनॅमिक ॲसिडचं सिरप पॅरासिटामॉलबरोबर आलटूनपालटून देणं हल्ली फार वाढलंय, ते डॉक्टरांनी सांगितलं तरच. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप आला तर औषध शोधत बसायचं नाही, थेट डॉक्टर.

पायरी ७: कधी थांबायचं

तीन दिवसांत ताप नाही उतरला, पाच दिवसांत दुखणं नाही गेलं, तर गोळी बदलू नका, डॉक्टर गाठा. डोकं महिन्यातनं पंधरा-पंधरा दिवस दुखतंय आणि तेवढे दिवस गोळी घेताय, तर काही महिन्यांनी गोळीच डोकेदुखीचं कारण होऊन बसते, सॅरिडॉनसारख्या, एकात अनेक औषधं असलेल्या मिश्र गोळ्यांचं तर महिन्याला दहा दिवसांतच. असे किती तरी जण रोज संध्याकाळी एक गोळी घेऊन जातात, त्यांना मी थांबवून सांगते, कोणी ऐकतं, कोणी रागावतं. शी डांबरासारखी काळी झाली, उलटीत कॉफीच्या चोथ्यासारखं आलं, तर पोटात रक्तस्राव होतोय, तेव्हा वेळ नाही. आणि छाती दाबल्यासारखी दुखतीये, डाव्या हातात, जबड्यात कळ जातीये, घाम फुटलाय, तर गॅस समजून पेनकिलर नाही, १०८ ला फोन.

परदेशी जाताय तर एवढं

अमेरिकेत पॅरासिटामॉल म्हटलं तर लोक बघत राहतात, तिथे त्याला ॲसिटामिनोफेन म्हणतात, टायलेनॉल ही तिथली क्रोसिन. आई-बाबा सहा महिन्यांसाठी मुलाकडे जातात, पर्समध्ये डोलो, तिथे सून टायलेनॉल देते, दोन्ही एकच हे कोणालाच माहीत नसतं. ॲडव्हिल म्हणजे आयबुप्रोफेन, अलीव्ह म्हणजे नॅप्रॉक्सेन. ब्रिटनमध्ये किराणा-सुपरमार्केटला पॅरासिटामॉलच्या १६ च गोळ्यांचं पाकीट मिळतं, १९९८ चा नियम आहे. कंजूषपणा नाही तो, जास्त गोळ्या घेऊन होणारे मृत्यू थांबवायला केलेला आहे.

पायरी ८: जास्त गेल्याच तर

चुकून झालं असो, पोराने बाटली तोंडाला लावली असो, की कोणी रूममेटने रागात, निराशेत मुद्दाम घेतल्या असोत, करायचं एकच. माणूस ठीक दिसत असला तरी लगेच हॉस्पिटल. पॅरासिटामॉलमध्ये पहिला दिवस फसवा असतो, थोडी मळमळ नाहीतर तेही नाही, लिव्हरचं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळतं. यावर उतारा आहे, ॲसिटिलसिस्टीन, आणि तो पहिल्या ८ तासांत मिळाला तर फार चांगलं काम करतो, त्यामुळे सकाळी बघू म्हणायचं नाही. घरी ओकारी काढायला लावू नका, मिठाचं पाणी पाजू नका. मुद्दाम घेतल्या असतील तर ओरडू नका, एकटं सोडू नका, जीव वाचल्यावर बोलायला टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, १४४१६ नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. आणि निघताना रिकामी असली तरी ती स्ट्रिप, ती बाटली उचलून खिशात टाका, कारण कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिलं हेच विचारणार, काय घेतलं, किती घेतलं आणि किती वाजता.